पाय धुवून आत येणे

मी बांधलेल्या पहिल्या राउटरमधून पाऊण किलो केस निघाले. माणसांचे. वजन मी केलं नाही, बादशहाभाईंनी केलं. त्यांचं स्टेशनजवळ जुन्या कॉम्प्युटरांचं दुकान होतं, आणि भंगारातल्या माणसाच्या समोर काहीही पडलं की हात आपोआप काट्याकडं जातो.

"ह्ये सलूनमधलं मशीन हाय भावा," ते म्हणाले. "गाणी लावायला घेतलेलं. खाली फरशीवर ठेवलं हुतं. पंखा हवा वडतोय, हवेमागनं क्यास. पाच वर्सं."

आत मदरबोर्ड दिसत नव्हता. एक काळी-पांढरी गादी दिसत होती. तिच्यात मधे एक वाळलेली पाल बसली होती, आपलाही नंबर लागेल अशा चेहऱ्यानं. गादीला खोबरेल तेलाचा आणि जुन्या दाढीच्या साबणाचा वास होता.

"दुसरं दाखवा," मी म्हणालो.

"दुसरं हाय की. मटणाच्या दुकानातलं."

मी सलूनचंच घेतलं.

"घे, घे. ह्यात तीन पैलवानांचं क्यास हायत," बादशहाभाई म्हणाले. "माल दणकट हाय."

हे २००५ सालातलं. मला त्या मशीनची गरज का पडली हे सांगायचं तर आधी शेणाबद्दल सांगावं लागेल.

आमचे वडील नेसरीत गोबरगॅसचे प्लँट बांधून द्यायचे. गिऱ्हाइकाला दाखवायला म्हणून एक प्लँट आमच्या परसात होता, आणि तो चालू ठेवायचं काम पाचवीपासून माझ्याकडं. शेण आणि पाणी सारख्या मापानं हौदात घ्यायचं आणि हातानं कालवायचं. गाठ राहता कामा नये. काठीनं गाठ कळत नाही, ती बोटालाच कळते, असं वडिलांचं मत. मी बी.सी.ए.च्या शेवटच्या पेपरला बसलो तेव्हा शेजारचा परीक्षार्थी बाक सोडून उठून गेला होता आणि सुपरवायझरनं त्याला कारण विचारलं नव्हतं.

पास झालो आणि कोल्हापूरला जातो म्हणालो. वडील म्हणाले, "दिवाळीपतूर बघ. जमलं तर जमलं. न्हायतर गुमान हितं यायचं आणि हौदात हात घालायचा. घरचाच प्लँट बंद हाय म्हटल्यावर माझा प्लँट कोण घेणार?"

हात धुऊन मी यष्टीत बसलो. दोनदा धुतले. तरी शेजारी कुणी बसलं नाही.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझ्या आत्याचं, म्हणजे शांतव्वाचं घर. तिचे यजमान अण्णासो, आमच्यात त्यांना मामा म्हणतात. मामा फिनेलचे होलसेल व्यापारी, मालाचा डेपो वेगळा. फिनेल, ॲसिड, खराटे, डांबरगोळ्या. घरात चोवीस तास फिनेलचा वास. आठवडाभर तिथं जेवलं की भाकरी डांबरगोळीसारखी लागते, दोन आठवड्यांनी डांबरगोळी न घातलेली भाकरी अळणी लागायला लागते.

घराच्या दारात नळ, नळाशेजारी ब्रश, आणि वर पाटी: 'पाय धुवून आत येणे'. येणारा कुणीही असो, मामा आधी उंबऱ्यावर उभे राहून तीन प्रश्न विचारायचे. कोण? कुठनं? काय कामाला? उत्तरं पटली की पाय धुवायचे आणि मग आत. जंगम स्वामी आले की त्यांचे पाय घरच्यांनी धुवायचे हा आमच्यातला रिवाज. मामा ते ब्रशनं धुवायचे. स्वामींनी येणं कमी केलं होतं.

पण एक होतं. ज्याला आत घ्यायचं नाही, त्यालाही ते उत्तराशिवाय परत लावत नसत. विम्याचा एजंट आला तरी पायऱ्यांवर बसवून चहा द्यायचा आणि मग समोरासमोर 'न्हाय' म्हणून सांगायचं. "दारात आलेल्याला गप बसून परत लावणं म्हंजे आपण मेल्यागत झालं," असं त्यांचं म्हणणं. तो एजंट दर मंगळवारी यायचा. त्याला 'न्हाय' आवडायला लागलं असावं.

घरात ब्रॉडबँडची लाइन आली होती ती विद्याश्री अक्कासाठी. अक्का म्हणजे मामांची मुलगी, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. ती घरी बसून अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बोलणं कानाला लावून ऐकायची आणि टाइप करून संध्याकाळी सहाच्या आत पाठवून द्यायची. जेवताना सुद्धा कानात तेच. मधेच घास हातात धरून विचारायची, "सोम्या, पू हिरवट हुता म्हणतोय का पिवळसर, जरा ऐक बघू." मी ऐकायचो. हिरवट असायचा. समोर पालकाची भाजी असायची.

लाइन एक आणि कॉम्प्युटर तीन. खाली मामांच्या खोलीत एक, मधल्या मजल्यावर अक्काचा, वर माझ्या खोलीत माझा. एकाच वायरीवरून रोज भांडण. त्यात मामांनी पेपरात वाचलं की इंटरनेटवरून घाण थेट घरात शिरते. त्यांनी पेपराची घडी घातली, हात धुतले आणि मला बोलावलं.

"व्हय रं, ही घाण दारात अडवायचं काय मशीन असतंय का?"

"असतंय मामा. फायरवॉल म्हणतात. राउटर आणि फायरवॉल एकाच पेटीत करता येतं. लिनक्स घालायचं. मग तिघांनाही एकदम नेट मिळतंय आणि बाहेरचं कुणी आत येत न्हाय."

मामा बराच वेळ माझ्या नखांकडं बघत होते. मग म्हणाले, "कर. दिवाळीपतूर ह्ये नीट चाललं तर डेपोतली समदी मशीनं तुझ्या अंगावर टाकतो. पगार लावतो, वरची खोली तुझी. पर घरात घाण आली, का विद्याची लाइन बंद पडली, तर त्याच दिशी तुला यष्टीत बसवणार. प्रभुलिंगला मी फोन करणार."

प्रभुलिंग म्हणजे माझे वडील. म्हणजे हौद.

तर असं ते सलूनचं मशीन घरात आलं. त्याला दारात आणलं तेव्हा मामा उंबऱ्यावर उभे होते.

"कोण?"

"मामा, कॉम्प्युटर आहे."

"कुठनं?"

मी सलून म्हणालो नाही. "दुकानातनं," म्हणालो.

"मंग पाय धू त्याचं."

पेटीखालचे चार रबरी पाय मी ब्रशनं घासले. आतले केस बादशहाभाईंच्या दुकानातच काढले होते, तरी एका फटीतून एक पांढरा केस डोकावत होता. तो मी बोटानं आत ढकलला.

पुढचं काम सांगायला सोपं आहे. मशीनला दोन नेटवर्क कार्डं बसवायची. एकाला बाहेरची लाइन, दुसऱ्यातून घरातले तीन कॉम्प्युटर. मधे लिनक्स, एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरचं. घरातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला एकेक नंबर द्यायचा. बाहेर मात्र सगळं घर एकाच नंबरनं दिसतं. हे मामांना फार आवडलं.

"म्हंजे घरात किती बी असूदे, दारात एकच माणूस बोलणार."

"व्हय मामा."

"कसं घरंदाज हाय की. माझा नंबर किती?"

"दोन."

"पयला का न्हाय?"

"पयला दार आहे मामा."

दाराला पहिला नंबर द्यायला त्यांची हरकत नव्हती. मामा दोन, अक्का तीन, मी चार. आत्याला कॉम्प्युटर नव्हता, तरी तिला वाईट वाटू नये म्हणून पाच राखून ठेवला.

मग नियम घालायची वेळ आली. येणाऱ्या प्रत्येक निरोपाला मशीन तीन गोष्टी विचारतं: कुठून आलास, कुठं निघालास, काय कामाला. हे ऐकल्यावर मामांनी खुर्ची ओढून घेतली आणि सगळे नियम स्वतः सांगितले. इतका तयार माणूस मी कॉलेजातही बघितला नव्हता. आमचे नेटवर्किंगचे सर हेच सहा महिने शिकवत होते आणि त्यांनाही शेवटपर्यंत कळलं नव्हतं.

"आता ज्याला आत घ्यायचं न्हाय त्याचं काय करायचं?" मी विचारलं. "दोन तऱ्हा आहेत. एक रिजेक्ट. म्हणजे त्याला 'न्हाय' असं कळवायचं. दुसरी ड्रॉप. म्हणजे काहीच बोलायचं न्हाय. तो वाट बघून बघून कंटाळतो. सगळे जाणकार ड्रॉप घाला म्हणतात. घरात कुणी आहे हेच कळत न्हाय मग."

मामांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या ताटात काहीतरी टाकलंय.

"दारात माणूस उभा हाय, आणि आपण आत श्वास धरून बसायचं?"

"माणूस न्हाय मामा, निरोप आहे."

"निरोप कोण धाडतंय? म्हस?"

मी रिजेक्ट घातलं.

"आणि घरातनं बाहेर जाणाऱ्याला?" मी विचारलं.

"त्याला काय इचारायचं?" मामा उठत म्हणाले. "घरातलं माणूस हाय. घाण भायरनं येती. जाऊदे की बिनघोर."

मलाही ते बरोबर वाटलं. एक ओळ कमी लिहावी लागत होती. घरातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला मोकळं सोडा, विचारू नका, लिहून ठेवू नका.

तीन आठवडे उत्तम गेले. पेटी जिन्याखाली गुरगुरत होती. गरम झाली की तिला हलकासा खोबरेल तेलाचा वास यायचा. आत्या म्हणायची, कुणाची तरी अंघोळ झालेली दिसती. मामा रोज चहाला विचारायचे.

"आज किती आलं?"

"सहाशे चाळीस."

"समद्यांना 'न्हाय' म्हणून सांगितलं न्हवं?"

"सांगितलं."

"एक चहा तेवढा ऱ्हायला म्हणायचा," असं म्हणून ते समाधानानं बशी तोंडाला लावायचे. पेठेतल्या लोकांना सांगायचे, आमच्या घरात परदेशातनं दिवसाला सहाशे माणूस येतंय आणि एकाला आत घेतलं न्हाय.

चौथ्या आठवड्यात लाइन बंद पडली. अर्ध्या तासात परत आली. दोन दिवसांनी पुन्हा बंद पडली, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी टेलिफोनकडचे गणपतराव स्वतः घरी आले. घाम पुसत नळाखाली उभे राहिले. पाय धुतल्याशिवाय बोलायचं नाही हे त्यांना माहीत होतं, पण त्यांना घाई असावी. एक पाय घासता घासताच त्यांनी सुरुवात केली.

"अण्णासो, तक्रार आलीया वरनं. तुमच्या घरातनं घाण चाललीया."

मामा उंबऱ्यावरून खाली बघत होते. "घरात यायलीया म्हणा."

"यायला न्हाय. जायला. तुमच्या नंबरवरनं मेल चाललेत. हजारानं. वंगाळ जाहिराती. दोन डाव लाइन तोडून बघितली, जोडली की परत सुरू. आता परत तक्रार आली तर कायमची तोडायला लावणार मला. आज सहापतूर बघतो." त्यांनी दुसरा पाय नळाखाली घेतला. "टाच घासू का?"

मामांनी उत्तर दिलं नाही. दारात आलेल्या माणसाला त्यांनी उत्तर दिलं नाही हे मी पहिल्यांदाच बघितलं.

जिन्यावर अक्का उभी होती. "मलाबी सहालाच पाठवायचं हाय," ती म्हणाली. "आज चुकलं तर काम काढून घेणार हायत ती. लाइन गेली तशी दोनदा चुकलंय आधी."

मग सगळ्यांचे डोळे एकामागोमाग वर गेले. वर म्हणजे माझी खोली. तेवीस वर्षांचा मुलगा, एकटा, खोलीला आतून कडी. तेव्हा मी सुद्धा वर बघितलं. मलाही तो मुलगा संशयास्पद वाटला.

"पाचची गडहिंग्लज यष्टी हाय," मामा म्हणाले. आवाज चढवला नाही. आवाजात फिनेल होतं. "पिशवी भर. दाराला कुलूप लावतोय मी, आणि घाण करणारं आत! शांते, त्याला हात लावू नको. त्याच्या अंथरुणाला बी लावू नको. उकळत्या पाण्यात घालायचं त्ये."

"अवो, पोरगं हाय आपलं," आत्या म्हणाली.

"हजारानं धाडलंय म्हणतोय त्यो!"

साडेतीन वाजले होते. मला हौद दिसायला लागला. नुसता दिसला नाही, नखांत जाणवला.

"मामा, मला दहा मिनिटं द्या. मशीन कधी खोटं बोलत न्हाय. कोण बाहेर जातंय ते आपण जाणाऱ्याला विचारलंच न्हाय. आता विचारू."

मी जिन्याखाली बसलो. मागे मामा, अक्का, आत्या, आणि पायातून पाणी निथळणारे गणपतराव. बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट पडद्यावर दाखव, अशी आज्ञा टाइप केली आणि एंटर दाबलं.

पडदा वाहायला लागला. ओळी एवढ्या जोरात वर चढत होत्या की वाचता येईना. आमच्या परसातल्या प्लँटचं बाहेर पडायचं तोंड कधी तुंबून एकदम मोकळं झालं की असंच होतं. रंगही साधारण तोच होता, हिरवा.

"अगं बाई," आत्या म्हणाली, "एवढं आपल्या घरातनं?"

मी पडदा थांबवला. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला जाणाऱ्याचा नंबर होता. मी तो वाचला. परत वाचला. मग पिशवीत काय काय भरायचं याचा विचार करायला लागलो, कारण वरपासून खालपर्यंत एकच नंबर होता आणि तो चार नव्हता.

खोटं बोलायला माझी तयारी होती. पण खोटं बोललो तर पाचची गडहिंग्लज, आणि खरं बोललो तरी पाचचीच असणार होती. निदान खरं बोलून यष्टीत जास्त नीट बसता येईल असं वाटलं.

"कितवा नंबर हाय?" मामांनी विचारलं.

"दोन."

"दोन कोण?"

अक्का तीन होती. मी चार. आत्याला कॉम्प्युटर नव्हता. मामा बोटं मोजत होते. ते बोटांवर मोजत दाराशी पोचले, दारापासून परत आले, आणि दुसऱ्या बोटाशी थांबले.

"परत मोज," ते म्हणाले.

अक्का पुढं झाली. तिनं एका निरोपाचा मजकूर पडद्यावर उघडायला लावला आणि डॉक्टरांचं टाइप करताना असतो तशा सपाट चेहऱ्यानं वाचायला सुरुवात केली. दोन ओळींनी ती थांबली.

"काय विकायलंय त्ये?" आत्यानं विचारलं.

"औषध हाय, आई."

"कशाचं?"

अक्का रोज पू, गळू आणि मूळव्याध टाइप करायची, पण तिलाही क्षणभर शब्द सापडेना. "सांधेदुखीचं," ती म्हणाली.

"मंग चांगलंच हाय की," आत्या म्हणाली. "मला बी सांगायचं न्हाई व्हय?"

गणपतरावांनी तोंड फिरवून भिंतीकडं बघायला सुरुवात केली. भिंत स्वच्छ होती.

मामांच्या खोलीत आम्ही गेलो तेव्हा चार वाजत आले होते. खोलीत उदबत्ती, भिंतीवर बसवेश्वरांचा फोटो, आणि कॉम्प्युटरवर प्लास्टिकचं कव्हर, कव्हरवर दुसरं कव्हर. कव्हरं काढून चालू केला. पडद्याच्या कोपऱ्यात एकामागून एक चित्रं उगवायला लागली: झाडू, ढाल, बादली, चकचकीत तारा, परत झाडू. मी मोजले. अकरा. अकराही सफाईचे प्रोग्राम. त्यातला एकही खरा नव्हता. सफाई करतो म्हणून आत यायचं आणि आत बसून घाण वाटायची, असा त्यांचा धंदा.

"हे कुठून आलं मामा?"

मामा कॉटवर बसले. मी त्यांना बसलेलं क्वचितच बघितलं होतं, कॉटला वळ्या पडतात म्हणून ते बसत नसत.

"त्ये पडद्यावर यायचं," ते म्हणाले. "लाल अक्षरात. विद्याला इचारलं काय लिवलंय. म्हणाली, तुमच्या कॉम्प्युटरात एकशे सदतीस जागी घाण हाय, साफ करू का? मंग मी काय म्हणायचं, ऱ्हाऊदे? आपणहूनच इचारायलंय बिचारं. मी 'व्हय' दाबलं. दुसऱ्या दिशी दुसरं आलं. त्ये म्हणालं दोनशे जागी हाय. मी म्हणलं कर. रोज अंघोळ केली, पूजा केली, की मी बसतोय आणि समदं साफ करतोय." ते थांबले. "पयल्यांदा एकशे सदतीस हुती. काल नऊ हजार निघाली. मला वाटलं माझ्याच हातात काय तरी हाय. काल मी हात ॲसिडनं धुतलं."

त्यांनी तळवे पुढं केले. लाल झालेले होते, एका ठिकाणी साल गेलं होतं.

खरं तर मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. शेणाचे हात घेऊन मी यष्टीत बसलो होतो, दोनदा धुऊन, आणि शेजारची जागा नेसरीपासून कोल्हापूरपर्यंत रिकामी होती. तळव्यांकडं तसं बघणं मला ओळखीचं होतं.

"हातात काय न्हाय मामा," मी म्हणालो. "मशीनमध्येच आहे. त्याला दारात अडवावं लागेल. दोन नंबरवरनं काहीही बाहेर जाऊ द्यायचं न्हाय. मग लाइन वाचते, आणि अक्काचं काम बी वेळेत पोचतंय."

"मंग अडव."

मी परत जिन्याखाली आलो. नियम लिहिताना एका शब्दावर बोट थांबलं. तो शब्द मला माझ्या मनानं लिहायचा नव्हता.

"मामा," मी हाक मारली, "दोन नंबरला 'न्हाय' म्हणून कळवायचं का?"

आत कॉट करकरली. मग उत्तर आलं.

"नको. त्याला काय बी उत्तर देऊ नको."

त्या घरात लिहिलेला तो पहिला ड्रॉप. एंटर दाबलं आणि पडदा थांबला. गणपतराव म्हणाले, "झालं?" त्यांनी आपल्या ऑफिसात फोन लावला, ऐकलं, मान हलवली आणि चपला घातल्या. जाताना सवयीनं पुन्हा नळाकडं वळले, मग लक्षात येऊन सरळ गेले.

अक्का धावत वर गेली. सहाला पाच कमी असताना तिनं काम पाठवलं. त्या दिवशी एका माणसाच्या काखेतलं गळू होतं. वेळेत पोचलं.

मी पिशवी भरलीच नव्हती, पाचची गडहिंग्लज निघून गेली होती, आणि तो विषय कुणी काढला नाही. माझं लक्ष दाराकडं होतं. मामांनी स्वतःच्या कॉम्प्युटरची पेटी उचलून नळाखाली आणली होती.

"मामा, नको," मी म्हणालो.

"बाजूला हो."

त्यांनी झाकण काढलं. आधी साधं पाणी. मग फिनेल, पाव बाटली. मग ब्रश. मदरबोर्ड त्यांनी उभा-आडवा घासला, स्वामींच्या पायासारखा. कोपऱ्यातल्या फटी काडीनं काढल्या. हार्ड डिस्क वेगळी करून तिच्यावर ॲसिडचे दोन थेंब टाकले, फेस आला तसे म्हणाले, "बघ. निघाली." मग परत पाणी. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघत होती. एकानं विचारलं, "अण्णासो, काय चाललंय?" मामांनी मान वर न करता सांगितलं, "पाय धुतोय."

पेटी गच्चीवर वाळत घातली. आत्या ओरडली, "आधी माझं सांडगं काढा तिथनं!" दोन दिवस तो कॉम्प्युटर सांडग्यांच्या शेजारी उन्हात पडला होता. तिसऱ्या दिवशी चालू करून बघितला. चालू झाला नाही. त्यानंतर त्यात एकदाही घाण सापडली नाही.

दिवाळीच्या आधी मामांनी शब्द पाळला. डेपोतली मशीनं माझ्याकडं आली, पगार लागला, खोली मिळाली. एक अट फक्त वाढली. दारात दुसरी पाटी लागली, आतल्या बाजूनं: 'पाय धुवून बाहेर जाणे'. आता घरातून निघणाऱ्यालाही मामा उंबऱ्यावर विचारतात. कोण? कुठं? काय कामाला? 'कोण' हे ते आत्यालाही विचारतात. ती भाजीची पिशवी घेऊन, ओल्या पायांनी, रोज आपलं नाव सांगते.

आणि मशीनमधूनही बाहेर जाणारं काही न बघता सोडायचं नाही. घर आणि डेपो मिळून आदल्या दिवशी जे जे बाहेर गेलं त्याची यादी सकाळी छापायची. साधारण चाळीस पानं. ती मी बसून ओळ ओळ तपासायची. प्रोग्राम लिहून तपासता येईल असं मी सुचवलं होतं. मामा म्हणाले, प्रोग्रामास्नी तपासायला दिलं हुतं की मी, अकरा हुते. बोटानं बघ. बोटाला कळतंय.

तर मी बोटानं बघतो. डेपोतल्या जोतीरामनं क्रिकेटचा स्कोअर किती वेळा बघितला ते येतं. अक्काचं गळू येतं, जुलाब येतात. कोण कुणाला काय पाठवतं आणि कुठल्या वेळी, ते सगळं. वरवर पाणी वाटतं, बोट फिरवलं की मधेच गाठ लागते. शाई बोटांना लागते, नखांत बसते, दोनदा धुतली तरी जात नाही. जिन्याखाली पेटी तापली की खोबरेल तेलाचा वास येतो.

एकदा सकाळी मी तेराव्या पानावर असताना वडिलांचा फोन आला.

"काय करायलायस?"

"घाण तपासतोय," मी म्हणालो. "रोज असतंय. गाठी काढायच्या."

"हातानं?"

"हातानं."

पलीकडं परसातल्या म्हशीचा आवाज येत होता.

"मंग हितं काय वंगाळ हुतं?" ते म्हणाले. "हितं निदान गॅस तरी निघतोय."